येळवशीच्या सकाळची नोंद

मकबूलभाई,

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मी तुमच्या अंगणात लिंबाखालच्या खुर्चीवर बसलो होतो. माणसं चांगलंच बोलत होती. कुणाच्या म्हाताऱ्या आईची साखर तपासायला तुम्ही भर उन्हात स्कूटरवर गेलात, कुणाच्या पोराची कावीळ तुम्ही नुसत्या डोळ्यांवरून ओळखली आणि मग रक्त बघून खात्री केली. मग माझ्या शेजारचा माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "माणूस लाखाचा होता. फकस्त त्या शिवलीलाच्या टायमाला हात चुकला बिचाऱ्याचा."

दोघातिघांनी मान हलवली. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

वीस वर्षं मी हेच करत आलो. तुम्ही होता तोवर माझं गप्प बसणं तुमच्या परवानगीनं आहे, असं मनाची समजूत घालता यायची. त्या दिवशी तुम्ही नव्हता. परवानगी द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. चहा तसाच खाली ठेवून उठलो. भाभींना सलाम करायचंही राहिलं.

म्हणून हे लिहितो आहे, आणि तालुक्याच्या साप्ताहिकाला छापायला देतो आहे. तुमचा हात चुकला नव्हता. हात माझा होता. आणि मी केलं त्याला चूक म्हणणं म्हणजे स्वतःला सवलत देणं आहे.

आधी चांगलं लिहितो. तुम्हाला पोटात राग ठेवून सुरुवात करायला आवडायचं नाही.

तुमची लॅब चौकात, शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. लॅब कसली, एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि एक खिडकी. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून त्यावर रंग ओतायचा, म्हणून तुमची बोटं कायम जांभळी. माझ्या खो-खोच्या पोरी तुम्हाला जांभूळचाचा म्हणायच्या. तुम्ही खोटं खोटं रागवायचात, "ए, लायसनवर माझं नाव दुसरं हाय," आणि त्या आणखी मोठ्यानं हाक मारायच्या.

मैदानावर तुम्ही पहिल्यांदा आलात ते खेळ बघायला. संध्याकाळी लॅबला कुलूप लावायचं आणि खांबाजवळ उकिडवं बसायचं. आठेक दिवस नुसतं बघितलंत. मग एकदा म्हणालात, "सर, त्या तिसऱ्या चौकोनातल्या पोरीला जरा बाहेर घ्या."

"का? काय झालं?"

"खो मिळाला तरी उठायला उशीर करती. कालपास्नं. तोंड बघा की तिचं."

मी तेव्हा पंचेचाळीसचा होतो आणि मैदानावर मला कुणी शिकवलेलं खपत नसे. म्हणालो, "मकबूलभाई, तुम्ही रक्त बघा. पोरी मी बघतो."

"दोन्ही एकच हाय की सर," तुम्ही म्हणालात, आणि खिशातली सुपारी काढून मला दिलीत. त्या पोरीला दोन दिवसांनी गोवर निघाला.

तिथून वह्या सुरू झाल्या. प्रत्येक पोरीची एक चाळीस पानी वही. सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, मानेवर दोन बोटं ठेवून एक मिनिट नाडी मोजायची आणि लिहायची. शेजारी झोप कशी लागली, रात्री किती भाकरी खाल्ली, तोंड आलंय का, घसा दुखतोय का. ज्यांच्या घरी सेकंदकाट्याचं घड्याळ नव्हतं त्यांच्यासाठी तुम्ही कुठून कुठून जुनी मनगटी घड्याळं गोळा करून आणलीत. एकालाही पट्टा नव्हता. पोरी ती उशीखाली ठेवून झोपायच्या. शुक्रवारी वह्या माझ्याकडे जमा व्हायच्या, शनिवारी तुम्ही त्या चाळायचात.

"रक्त एका दिवसाचं सांगतं," तुम्ही म्हणायचात. "वही महिन्याचं सांगती. रक्त आणि वहीचं भांडण लागलं तर वहीचं ऐकायचं."

हे वाक्य मी पुढे तुमच्याविरुद्धच वापरलं.

शिवलीला तेव्हा नववीत होती. गुरपादप्पाची थोरली. चौकातलं भांड्यांचं दुकान त्यांचं. कपाळाला विभूती, घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. पोरगी पळायला लागली की मैदानावरची माणसं बोलायची थांबायची. खांबापाशी अशी वळायची की मागच्या पोरीला ती कुठं गेली हेच कळायचं नाही. त्या वर्षी राज्य संघाच्या निवड-शिबिरासाठी तिचं नाव आलं. आपल्या गावातून आधी कुणाचंच आलं नव्हतं.

सहा आठवडे होते. मी सकाळचा सराव दीड तासाचा अडीच तास केला. संध्याकाळचा होताच. वर दुपारच्या सुट्टीत माळाच्या चढावर पळणं, कमरेला दोरी आणि दोरीला टायर. रविवारही सोडला नाही. लोखंड तापल्याशिवाय वळत नाही, हे माझं लाडकं वाक्य होतं. तुम्ही म्हणायचात, "व्हय सर, पर लोहार ते पाण्यातबी घालतो. तुमचं पाणी कुठंय?"

हा वाद आपला कधी मिटलाच नाही. तुम्ही म्हणायचात की खेळाडू मैदानावर घडत नाही, मैदानावर तो मोडतो; घडतो रात्री झोपेत. मी म्हणायचो, झोपून कुणी पदक आणलंय का? तुम्ही हसायचात. आता तुम्ही कायमचे झोपलात आणि वाद तुमच्या बाजूनं संपलाय, असं म्हणालो असतो तर तुम्ही मला शिवी दिली असती.

तिसऱ्या आठवड्यापासून शिवलीलाचं तोंड यायला लागलं. सर्दी एकदा झाली, गेली, पुन्हा झाली. तुम्ही गुरपादप्पाला विचारून तिच्या बोटाचा थेंब घेतलात. मी त्या दिवशी तुमच्या मागे उभा होतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा, डावा हात मोजणीच्या यंत्रावर, टक, टक, टक. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्यात कुठल्या जातीच्या किती ते बघायचं. लिम्फोसाइट नावाच्या पेशी शंभरात तीसेक तरी दिसायला हव्या होत्या. तुम्हाला सोळा दिसल्या. दुसरी पट्टी केलीत. सतरा.

मग एक दिवस बरोबर सकाळी आठला तिच्या दंडाचं रक्त घेतलंत, ते फिरवून वरचं पाणी वेगळं केलंत, कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून चहाच्या थर्मासात ठेवलंत आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती सोलापूरला पाठवलंत. कॉर्टिसॉल बघायचं होतं. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. उत्तर आलं, जरासं वर.

"एवढ्या एका आकड्यावर मी पोरीला खाली बसवणार न्हाय," तुम्ही म्हणालात. "सुईला भ्यायली असंल तरी वाढतं ते. पर पट्टी तेच म्हणतीय. शनिवारी वही बघू. वही पण तसंच म्हणाली तर शिबिर रद्द. तवर आठ दिवस थांबवा." आणि हेच तुम्ही गुरपादप्पालाही सांगितलंत.

मी थांबवलं नाही. थोडं कमी केलं आणि थांबवलं असं सांगितलं.

मधे येळवस आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आपल्याकडे गावंच्या गावं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, तिच्यात पांडवांची पूजा मांडायची, शेताला आंबील शिंपडायची आणि ज्याला म्हणून ओळखतो त्याला जेवायला बोलवायचं. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, शेंगदाण्याच्या पोळ्या. गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा दिसत नाही. गुरपादप्पाच्या रानात आपण दोघंही होतो. तुम्ही दरवर्षी असायचात.

जेवून पटका डोक्याखाली घेऊन तुम्ही पडला होता. मी पुन्हा छेडलं, "सोळा पेशी, सोळा पेशी करताय. बाकीच्या काय मेल्या?"

तुम्ही उठून बसलात. "सर, आज गावात जाऊन मोजलं तर माणसं किती सापडतील?"

"चार म्हातारी."

"मग गाव मेलं का? माणसं रानात हायत. पेशींचं तसंच हाय. अंगाला कष्ट पडले की हा कॉर्टिसॉल मुकादमावानी हाक देतो, चला रे सगळे बाहेर. रक्तातनं उठून त्या कुठं कुठं जातात. तासा-दोन तासानं परत येतात. मुकादम वाईट न्हाय सर, त्याच्याबिगर सकाळी डोळासुद्धा उघडणार न्हाय. पर काम झालं की त्यानंबी घरी जायला पायजे. एक दिवस येळवस बरी. रोज येळवस केली तर घराला राखण कोण करणार?"

गुरपादप्पा आंबील वाढता वाढता हसला. "आमच्या दुकानाला तर कुलूप हाय बाबा."

"चोराला तेच पायजे," तुम्ही म्हणालात.

मी उठून विहीर बघायला गेलो. मी तिकडे असताना, हे मला नंतर कळलं, शिवलीला तुमच्याजवळ येऊन म्हणाली होती, "चाचा, आज नाडी लिहिली न्हाय. वही शाळेच्या कपाटात राहिली." आणि तुम्ही म्हणाला होता, "राहू दे. सणाला वहीलाबी सुट्टी."

शुक्रवारी वह्या जमा झाल्या. शाळा सुटल्यावर मी क्रीडासाहित्याच्या खोलीत बसून शिवलीलाची वही उघडली. तिची नाडी एरवी बासष्ट-चौसष्ट असायची. गेले बारा दिवस चढत गेली होती; आदला शनिवार तुमचा चुकला होता, त्यामुळे हे तुम्ही बघितलं नव्हतं. बहात्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. झोपेच्या रकान्यात 'मधेच जाग'. जेवणाच्या रकान्यात 'अर्धी'. मला वाचता येत नव्हतं असं नाही. तुम्हीच शिकवलं होतं.

मी दुकानातून तसलीच नवी वही आणली. पहिल्या पानापासून सगळी उतरवून काढली. शेवटच्या बारा दिवसांची नाडी त्रेसष्ट, चौसष्ट, बासष्ट. झोप 'चांगली'. भाकरी 'दीड'. पोरींना आणि तुम्हाला सांगितलं की शिवलीलाच्या वहीवर तेल सांडलं म्हणून मी ती उतरवली; तिला म्हणालो, आता शिबिरापर्यंत लिहायची गरज नाही.

येळवशीची ओळ तिच्या वहीत कोरी होती. मी ती भरली. चौसष्ट. का भरली हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. तेहेतीस वर्षं हजेरीपट भरलेला माणूस मी, रकाना रिकामा दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो.

कारण काय, हे वीस वर्षांत अनेक प्रकारे मी स्वतःला सांगून बघितलं. तिच्या मामाकडची मंडळी लग्नाचं बघत होती, तिला हा एकच हंगाम मिळणार होता. हे खरं आहे. गावातल्या बाकीच्या पोरींना तिच्यामुळे वाट मिळाली असती. हेही खरं. पण ती वही उतरवताना माझ्या डोळ्यांसमोर शाळेच्या दर्शनी भिंतीवरचा, खेळाडूंच्या नावांचा फळा होता, आणि त्यावर तिच्या नावाखाली माझं नाव होतं. हे सगळ्यात खरं.

शनिवारी तुम्ही वही चाळलीत. ओळ न् ओळ तपासली नाहीत, कारण वही माझ्या हातून आली होती. मिटून टेबलावर ठेवलीत. मग तुम्ही जे केलंत त्याची मला अजून लाज वाटते. तुम्ही स्वतःवर संशय घेतलात.

"सर, वही तर झकास हाय. माझीच पट्टी जाड पसरली असंल. डोळ्यालाबी नंबर लागलाय आताशा."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

तुम्ही उठून गुरपादप्पाच्या दुकानात गेलात आणि म्हणालात, "पाठवा पोरीला. काळजी करू नका. मी सांगतोय."

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. तो अंगावर काढून ती आणखी दोन दिवस पळाली. मग सोलापूरचा दवाखाना, दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया, एकोणीस दिवस. वाचली. पण त्यानंतर पुरा डाव ती कधी पळू शकली नाही.

हे माझ्या सरावामुळेच झालं का? तुम्ही तेव्हाही छातीठोक सांगितलं नाहीत. शिबिरात आणखी दोघींना सर्दी होती, थंडी होती, प्रवास होता. "कशानं झालं ते मी सांगू शकत न्हाय," तुम्ही म्हणालात. "थांबवायला पायजे होतं, एवढं सांगू शकतो." मीही आज तेवढंच म्हणतो, त्यापेक्षा कमी नाही.

गाव मात्र छातीठोक होतं. गुरपादप्पा भर चौकात तुमच्या जिन्याखाली उभा राहून ओरडला, "तुम्हीच थांबवा म्हनला, तुम्हीच पाठवा म्हनला! रक्त बघता का तमाशा बघता?" तुम्ही वरून खाली आलात, हात जोडलेत आणि परत वर गेलात. मी समोरच्या पानपट्टीवर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मैदानावर आलात. पोरी नव्हत्या. तुमच्या हातात ती नवी वही होती.

"सर, येळवशीला पोरगी कुठं होती?"

"रानात. तुम्हीपण होता की."

"आणि वही?"

तुम्ही ती ओळ काढून माझ्यासमोर धरलीत. जांभळं बोट चौसष्टवर.

"वही कपाटात. पोरगी रानात. मग ही नाडी कुणाची मोजली? कपाटाची?"

मी खाली बसलो. तुम्हीही बसलात, खांबाला पाठ लावून, नेहमीसारखे. मी म्हणालो की आत्ता उठतो आणि गुरपादप्पाकडे जातो. खरंच गेलो असतो का, माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "बसा. तुम्ही गेलात तर उद्या या मैदानावर किती पोरी येतील? मास्तरनंच असं केलं म्हणल्यावर एकबी बाप पोरगी सोडणार न्हाय. माझं काय, लोक शिव्या देतेत आणि ताप आला की परत माझ्याच जिन्यानं वर येतेत."

मग दोन गोष्टी सांगितल्यात. उद्यापासून कुणाची वही काय म्हणते ते बघून तिची सुट्टी ठरेल, माझ्या मर्जीनं नाही. आणि दुसरी, "कधीतरी तुम्ही सांगा सर. मी न्हाय सांगणार. तुमचं तुम्ही सांगा."

वही माझ्या मांडीवर ठेवलीत. "ही तुमच्याकडंच असू द्या. माझ्याकडं राहिली तर एखाद्या दिवशी राग येईल आणि मी दाखवून बसीन."

पोरींनी त्या सुट्टीला चाचाची सुट्टी असं नाव दिलं. वहीत नाडी वर गेली की चाचाची सुट्टी. त्या दिवशी पोरगी मैदानावर यायची, पण खांबाजवळ तुमच्या शेजारी बसून शेंगा खायची. पहिल्या वर्षी मला ते बघवत नसे. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की हंगामाच्या शेवटी माझ्या बारापैकी बाराही पोरी उभ्या आहेत. मी निवृत्त झालो तेव्हा फळ्यावर सहा नावं होती. त्यातल्या प्रत्येक नावाखाली माझं नाव आहे. तुमचं एकाखालीही नाही.

त्या वीस वर्षांत तुम्ही मला एकदाही टोचलं नाहीत, असं मी लिहिणार होतो. पण ते खोटं होईल. दर येळवशीला सकाळी तुम्ही मला चौकात गाठायचात आणि चारचौघांत विचारायचात, "काय सर, आज नाडी बघितली का?" लोकांना वाटायचं दोघा दोस्तांची चेष्टा आहे. मीही हसायचो. त्यानंतर तुम्ही लॅबमध्ये जाऊन बसायचात, कारण गुरपादप्पाच्या रानाचं बोलावणं तुम्हाला परत कधी आलं नाही. दुसऱ्यांच्या रानातून यायचं, तिथं तुम्ही जायचा नाहीत. "एका रानात जेवायची सवय," म्हणायचात. गाव रिकामं, आणि चौकातल्या एका खिडकीत तुम्ही.

माझी बायको गेली तेव्हा मी स्वतःची नाडी लिहायला लागलो, तीही तुमच्या हट्टानं. दीड महिन्यानं वही बघून तुम्ही म्हणालात, "सर, पळणं न्हाय, चढणं न्हाय, आणि नाडी बघा कुठं चाललीय. मुकादम घरी जाईना झालाय. ओझं फकस्त मैदानावरचंच असतं व्हय?" त्या दिवसापासून रोज दुपारी लॅब बंद करून तुम्ही माझ्याकडे जेवायला यायला लागलात. डबा भाभींचा, दोघांचा. मी एकटा जेवत नव्हतो हे तुम्ही विचारलं नाहीत, वहीत वाचलंत. चार महिने आलात. आज मी जिवंत आहे त्यात त्या डब्यांचा वाटा आहे. हे तुम्हाला तोंडानं कधी म्हणालो नाही. आता म्हणतो.

आणि ती दुपार. तीन-चार वर्षं झाली असतील. तुम्ही धापा टाकत माझ्या ओट्यावर आलात, हातात मुलाचा मोबाईल. "सर, मी थोडा चुकलो होतो!"

मला वाटलं, वहीचीच गोष्ट निघाली. तुम्ही मात्र खुशीत होता. मुलानं कुठलासा लेख वाचून दाखवला होता. जाणकार आता म्हणतात की व्यायामानंतर रक्तातून गेलेल्या पेशी नुसत्या गायब होत नाहीत, त्या फुप्फुसाकडे, आतड्याकडे राखणीला जातात. त्यामुळे दार उघडं पडतं असं सरसकट म्हणता येत नाही, त्यावर त्यांच्यातच वाद आहे. झोप, पोटातलं अन्न, प्रवास, मनावरचा ताण, हे सगळं मिळून बघावं लागतं.

"म्हणजे येळवशीला गाव रिकामं होत न्हाय सर. माणसं राखणीला जातात. मी तुम्हाला उलटं सांगितलं होतं." मोबाईल खिशात घातलात. "पर राखणदार उपाशी आणि बिनझोपेचा असंल तर तो काय राखणार, हे तर खरंच हाय ना? वही बरोबरच हाय ना?"

रानात जेवून पडल्या पडल्या सांगितलेली एक उपमा थोडी चुकली, म्हणून सत्तरीच्या घरातला माणूस ऊन न बघता कबूल करायला धावत आला. आणि मी ओट्यावर बसून "बरोबर आहे" म्हणालो. त्या क्षणी म्हणायला हवं होतं, चला, गुरपादप्पाला आत्ताच सगळं सांगतो. तुम्ही समोर होता. चहासुद्धा केला होता मी.

परवा दोन्ही वह्या ट्रंकेतून काढल्या आणि गुरपादप्पाच्या दुकानात गेलो. शिवलीला तिथंच होती. ती आता तामलवाडीकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, सणाला माहेरी आली होती. तिच्याही पोरींच्या वह्या असतात, हे तुम्हाला माहीत होतं. घड्याळं तुम्हीच तर पाठवायचात.

वह्या गल्ल्यापुढे ठेवल्या. तिनं जुनी उघडली. "ही माझी वही. हिच्यावर तर तेल सांडलं होतं ना सर?"

"तेल सांडलं नव्हतं."

ती एका वहीतून दुसऱ्या वहीत बोट फिरवत गेली. येळवशीच्या ओळीवर थांबली. एकीकडे कोरं, एकीकडे चौसष्ट. मग मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. गुरपादप्पानं गिऱ्हाइकाला हातानंच जा म्हणून खुणावलं.

तो गल्ल्यावर हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तर, त्या माणसाला म्या ह्या दुकानाची पायरी चढू दिली न्हाय. मयतीला गेलो तेबी लांबूनच. तो एकदा तरी म्हनला का, म्या न्हाय केलं म्हणून?"

"नाही."

"का न्हाय म्हनला?"

"मैदानावर पोरी येत राहाव्यात म्हणून."

तो लेकीशी कन्नडमध्ये काहीतरी बोलला. मला समजलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"सर, एक विचारू? शिबिराच्या आधी मी तुम्हाला तोंडानं सांगितलं होतं का, मला बरं वाटत नाही म्हणून?"

"दोनदा. एकदा माळावर. एकदा पाण्याच्या टाकीजवळ."

तिनं डोळे मिटले. "मला वाटायचं मी सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणत होते वही चांगली होती, चाचा म्हणाले ठीक आहे, मग मीच लपवलं असणार. माझ्या पोरींना मी दरवर्षी सांगते, माझ्यासारखं लपवू नका, मी लपवलं म्हणून असं झालं."

मकबूलभाई, मला वाटत होतं की माझ्या खोट्याचं ओझं तुम्ही एकट्यानं उचललं. तुम्ही मैदान वाचवलंत, पण हे तुम्हालाही माहीत नव्हतं. ती पोरगी तुमच्या बरोबरीनं वीस वर्षं ते वाहत होती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"तू लपवलं नव्हतंस," मी म्हणालो. "मी लपवलं." माफी मागितली. तिनं ती दिली नाही, नाकारलीही नाही. जुनी वही मात्र उचलून घेतली. "ही माझी हाय. ही मी नेते." नवी वही माझ्याकडे सरकवली. तिच्यातल्या बारा ओळींवर मी काट मारली आहे आणि खाली लिहिलं आहे, ह्या नोंदी खोट्या आहेत, त्या मी केल्या. खाली सही.

काल गुरपादप्पा तुमच्या घरी गेला. मी नव्हतो, तुमच्या मुलानं सांगितलं. तो घराच्या पायरीखालीच उभा राहिला, चप्पल काढून, आणि भाभींना म्हणाला, "भाभी, उद्या सगळ्यांनी रानात यायचं. बोलवायला मला लई उशीर झाला."

भाभी म्हणाल्या, "उनकू उंडे जास्ती लगते थे. डबे में भी देना, कबरपर बच्चों को बाँट दूँगी."

आज येळवस आहे. सकाळपासून गावात चाक वाजलेलं नाही. तुमच्या घराला कुलूप आहे. भाभी, मुलगा, सून, नातवंडं सगळी गुरपादप्पाच्या रानात आहेत. मला बोलावणं आलं नाही. ते बरोबरच आहे. चौकातून एक फेरी मारून आलो, तुमच्या बंद खिडकीखाली थोडा थांबलो. गाव रिकामं वाटलं नाही. माणसं राखणीला गेली आहेत, हे तुम्हीच तर धावत येऊन सांगितलं होतं.

सकाळी जाग आली तेव्हा सवयीनं बोटं मानेवर गेली होती. मग काढून घेतली. सणाला वहीलाही सुट्टी. आजची ओळ मी कोरी ठेवली आहे, मकबूलभाई.